तळ नसलेला पंच

पायलोमॅट्रिकोमाच्या घोस्ट पेशी कोणीही ओळखतो. त्यात मर्दुमकी नाही. माझी झोप उडवतो तो गालावरच्या पंच बायोप्सीचा तीन मिलिमीटरचा तुकडा. फॉर्मवर सर्जनने ‘बीसीसी?’ (बेसल सेल कार्सिनोमा) एवढंच खरडलेलं. काचेवर घट्ट कोलॅजन, त्यात बेसलॉइड पेशींच्या बारीक दोऱ्या, चारदोन केराटिन सिस्ट. डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा म्हटलं तर बाई निर्धास्त घरी जाणार. मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा म्हटलं तर गालाचा मोठा भाग सुरीखाली. पहिल्या गाठीला ब्राउनस्टीन आणि शापिरो यांनी 1977 मध्ये हे नाव दिलं, दुसरीचं वर्णन 1982 मध्ये आलं. दोघींचा निवाडा वरवर होत नाही. दोऱ्या चरबीत, स्नायूत उतरल्यात का, मज्जातंतूला वेढून बसल्यात का, ते पाहावं लागतं. आणि पंच नेमका त्याच्या वरच संपतो!

आधी लो पॉवरवर गाठीची आकृती पाहा, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, कडा नेटकी आहे का, हा बर्नार्ड ॲकरमन यांचा धडा. मी तो गिरवला, पण खरं सांगायचं तर दिमाखासाठी. फोर एक्सवर काच ठेवायची, नाव उच्चारायचं, काच काढायची. आकृतीला मात्र अख्खी गाठ लागते. पंचात येतो नुसता मधला दंडगोल.

यंदाची रेसिडेंट हे मला रोज ऐकवते. “सर, कडा कुठे दिसली तुम्हाला?” मग म्हणते, सीके20 स्टेन लावूया. मर्केल पेशी सापडल्या तर कौल ट्रायकोएपिथेलिओमाकडे झुकतो. नाही सापडल्या, तर एवढ्याशा तुकड्यात त्याचा अर्थ काय लावायचा? दहा स्टेन लावून शेवटी ‘सुसंगत’ लिहिणाऱ्या लॅब माझ्या डोक्यात जातात. बिल तेवढं सुसंगत असतं. या रेसिडेंटला तसं बोलता येत नाही, कारण स्टेनच्या आधी ती ब्लॉकचे डीपर कट मागवते.

रिपोर्टात मी दुर्मीळ नाव पहिल्या ओळीत लिहितो. ‘तळ दिसत नाही, खोल बायोप्सी पाठवावी’ हे तिसऱ्या ओळीत. ती उलटं लिहिते. सर्जन पहिल्या ओळीपाशीच थांबतात, हे तिने कधीच हेरलंय. तिच्या केसना पुढे चरबीपर्यंतचा तुकडा येतो. परवा माझा मसुदा टाइप करताना तिने गुपचूप ओळींची अदलाबदल केली. मी सही केली. नाव तेवढं ठळक अक्षरांत करायला सांगितलं.