न तोडलेल्या झाडांचं देणं

उप्सालात माझा जीव रमला तो दोघांमुळे. एक, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दुसरं, झाडाच्या सालीवर उगवणारं, उंचीला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर भरणारं एक शैवाक. दोघांचंही मी देणं लागते, आणि ते फिटणारं नाही हे ठाऊक असूनही कुठेतरी नोंदवून ठेवावं असं फार दिवस मनात आहे.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही स्वीडनला आलो, तेव्हा माझ्यापाशी कोल्हापूरची वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी. होती आणि तिचं इथे काय करायचं ते सुचत नव्हतं. भाषा येत नव्हती, ओळखपाळख नव्हती, डिसेंबरात दुपारी तीनच्या आत दिवस मावळायचा. इथल्या ग्रंथालयात नवख्या लोकांशी स्वीडिश बोलायला काही वयस्क मंडळी आपणहून येऊन बसतात. तिथे बाई भेटल्या. या देशात लहानथोर सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारतात. माझ्या तोंडात मात्र पहिल्यापासून ‘बाई’च बसलं आणि त्यांनीही ते गोड मानून घेतलं. माझं शिक्षण ऐकलं तशी त्यांनी समोरचं पुस्तक मिटलं. म्हणाल्या, “मग इथे काय करतेस? रविवारी चांगले बूट घालून ये.”

त्यांनी मला फीबीला नेलं. उप्सालाच्या पश्चिमेला हे स्प्रूसचं जुनं जंगल आहे. इथल्याच विद्यापीठातले रूट्गेर सेर्नान्डर यांनी १९३६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. वादळात झाडं पडतात, मोकळी जागा होते, त्या उजेडात नवी रोपं उठतात आणि जंगल असं तुकड्यातुकड्यानं नवं होत राहतं, हे त्यांनी याच झाडांमध्ये हिंडून मांडलं. मला ते सगळं नंतर कळलं. त्या दिवशी बाई एका जाड बुंध्यापाशी गुडघे टेकून बसल्या आणि गळ्यातलं दहापट मोठं दाखवणारं भिंग काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. भिंग डोळ्याला भिडवायचं आणि मग आपण झाडाजवळ जायचं. भिंग झाडाला लावून लांबून बघायचं नाही. सालीला नखही लागू द्यायचं नाही. एवढं सांगून त्या गप्प झाल्या.

सालीच्या खोल भेगेत हिरवट, दाणेदार थर होता आणि त्यातून टाचण्या उभ्या होत्या. बारीक काळा देठ, वर काळं डोकं, डोक्याच्या खालच्या अंगाला तपकिरी भुकटीचा लेप. कॅलिसियम विरिडे. कॅलिसियम हे नाव बुरशींचा अभ्यासक पेर्सून यानं १७९४ साली दिलेलं. लिनियसच्या हाताखाली प्रबंध मांडणारा शेवटचा विद्यार्थी एरिक आखारियस पुढे वाद्स्तेना गावी डॉक्टरकी करत राहिला. त्यानं १८१५ ते १८१७ या काळात या कुळावर स्वतंत्र निबंध लिहिले. आपल्या काळात उप्सालाच्याच लेइफ टिबेल यांनी या गटाचा नव्यानं धांडोळा घेतला. एवढ्याशा जिवापुढे इतकी माणसं वाकून बसली, हे कळल्यावर मला परकं वाटेनासं झालं. मीही त्या रांगेत गुडघे टेकले होते.

आमच्या घरी शैवाक म्हणजे गोड्या मसाल्यातलं दगडफूल. परीक्षेत मी बुरशी आणि शैवल यांचं सहजीवन आकृतीसह लिहिलं होतं. पण ते सहजीवन जमून येणं किती अवघड असतं, ते मला या टाचण्यांनी शिकवलं. शैवाकांतल्या बहुतेक बुरशी आपले बीजाणू जोरानं बाहेर फेकतात. इथे तसं नाही. बीजाणूंच्या पिशव्या लवकरच विरून जातात आणि बीजाणू डोक्यावर कोरडी भुकटी होऊन साठून राहतात. वारा येईल, एखादा किडा अंग घासून जाईल, तेव्हा कुठे ते हलणार. दुसऱ्या झाडावर पोचले तरी एकट्या बुरशीचं तिथे भागत नाही, तिच्याजोगतं हिरवं शैवल तिला त्याच भेगेत भेटावं लागतं. पुन्हा जागा हवी ती अशी, की पावसाचा थेंब थेट लागू नये. मग पाणी कुठलं? हवेतला ओलावा. हिरव्या शैवलाची शैवाकं नुसत्या बाष्पावर जागी होऊन अन्न तयार करू शकतात. अशी कोरडी खोबण आणि भोवती दमट, निवांत हवा, हे दोन्ही एकत्र मिळतं ते जुन्या झाडांच्या जुन्या जंगलात. कॅलिसियम विरिडे त्यातल्या त्यात पुष्कळ ठिकाणी भेटतं. त्याच्या काही नातलग जाती मात्र इथल्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहेत. स्वीडनमध्ये लावलेलं जंगल साधारण ६० ते १२० वर्षांत तोडणीला येतं. झाडाची साल खोल होऊ लागते, तोवर करवत दारात.

फिनलंडच्या यौको रिक्किनेन यांनी २००३ साली युरोपातल्या अंबरात अडकलेली टाचणी-शैवाकं वर्णिली. साडेतीन कोटी वर्षांहून जुन्या राळेतही तोच देठ, तेच डोकं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही एका दगडावर बसून कॉफी पीत होतो. मग समोरच्या झाडाकडे बघत त्या म्हणाल्या, “हे कापायला कुणीतरी आलं असेलच. आणि तसंच परत गेलं असेल.”

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझ्या आजोळी देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. तिथे देवाचा धाक होता. इथे तसा धाक असल्याचं कुणी सांगत नाही. जमीन खडकाळ म्हणून, बैल-घोडे आत नेणं जिकिरीचं म्हणून, वाटणीत भांडण म्हणून, किंवा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून कुणी कुऱ्हाड खाली ठेवली असेल. टाचणीएवढं शैवाक त्या माणसाला दिसलंही नसेल. आपण कुणाला काही देतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि त्याच्या त्या न करण्यावर माझं इथलं सगळं उभं आहे. नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाचे उपकार मानायचे कसे, हे मला कुणी शिकवलेलं नाही. बाईंचे मानता येतात. त्या आहेत, त्यांच्याकडे जाता येतं, त्यांना थालीपीठ आवडतं.

खुब्याच्या दुखण्यानं आता त्यांना जंगलात उतरता येत नाही. भिंग त्यांनी मला देऊन टाकलं. मी जाते, बघते आणि संध्याकाळी फोनवर सगळं सांगते: कुठलं झाड, कुठली बाजू, थराचा रंग राखाडी की पिवळा, देठ लांब की आखूड. पिवळाधमक असेल तर किनोथेका क्रिसोसेफाला. राखाडीत गंजाचे डाग असतील तर किनोथेका फेरुजिनिया. माझं स्वीडिश सुधारलं ते या फोनांवर.

इथे अर्ध्या हेक्टरहून मोठी तोड करायची तर मालकाला वनखात्याला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. ती सूचना लागली की आमच्यासारखी हौशी मंडळी त्या जंगलात जातात, सापडलेल्या जाती सरकारमान्य नोंदवहीत चढवतात. कधी तोड थांबते, कधी नाही. थांबत नाही तेव्हा मला फार लागतं. त्या संध्याकाळी बाई फोनवर नुसत्या ऐकून घेतात आणि मग पुढची तारीख विचारतात.

शहराच्या उत्तरेला एका स्प्रूसच्या तुकड्यावर परवाच सूचना लागली आहे. शनिवारी आम्ही निघतो. ओढ्याकाठचे जुने बुंधे माझ्या वाट्याला आलेत. संध्याकाळी फोन लावला की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असेल: “मुळांच्या मधल्या कोरड्या खोबणीत नीट बघितलंस ना?”