तीन वर्षांची ठेव

आटपाडी तालुक्यात पैसा बाहेरून येतो, हे लग्न होऊन या घरात आले तेव्हाच कळलं. सासरचे सगळे गलाईवाले. सोन्याचांदीची आटणी करायला कुणी कोइमतूरला, कुणी त्याच्याही खाली. पाऊस हुकला की गावातला एखादा पोरगा पाहुण्याच्या दुकानात भट्टीवर बसतो, तो मग सिद्धनाथाच्या यात्रेलाच दिसतो. मीही नवऱ्याबरोबर काही वर्षं तमिळनाडूत काढली. मुलांच्या शाळेसाठी परत आले, तोवर टेंभू योजनेचं पाणी तालुक्यात पोचलं होतं आणि माळामाळांवर डाळिंब उभं होतं. डाळिंबाला पुठ्ठ्याची खोकी लागतात आणि ती बाहेरून यायची. ती इथंच करावीत, एवढाच माझा विचार.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला होता. ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, ५ टक्के आपले, उरलेले ६० टक्के बँकेचे. मर्यादा तेव्हा ५० लाखांची. माझा आकडा तिच्या पासंगालाही पुरला नसता. प्रकल्प अहवाल, यंत्रांची कोटेशनं, सासऱ्यांचं जागेसाठी संमतिपत्र, दाखले. जिल्हा उद्योग केंद्र सांगलीला, म्हणजे पहाटेची एसटी धरायची, भिवघाट ओलांडायचा आणि रात्री परतायचं. तिथली माणसं सरळ बोलली. अडलं ते एका बँकेत. साहेबांनी तारण विचारलं, मग मालक कुठं असतात ते विचारलं, मग म्हणाले, ‘गलाईवाल्यांना कर्ज कशाला लागतं?’ शेवटी दुसऱ्या बँकेनं मंजुरी दिली.

अनुदान मंजूर झाल्याचं सांगितल्यावर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हात पुढं केला. ‘बघू तरी.’ मी म्हटलं, ते हातात येत नाही. बँकेत आपल्या कर्जापोटी ठेव म्हणून राहतं. तीन वर्षं कारखाना चालवायचा, मग तपासणी होते, मग ते कर्जात वळतं होतं. आत्या म्हणाल्या, ‘सरकारनं दिलं म्हंतीस आन् तुला दिसंना व्हय?’

मलाही तेव्हा ही अट म्हणजे अविश्वास वाटला होता.

पहिला हंगाम चांगला गेला. कागदाची रिळं आली की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. कागदाला नळी पाडायची, खळ लावून शीट चिकटवायचं, दाबून वाळवायचं, मग क्रीझिंग, मग पिनिंग. दमट गावात शीट वाळता वाळत नाही म्हणतात. आमच्या हवेत ते चटकन वाळतं. दुष्काळी तालुक्याची ही एक सवलत कुठल्याच शासन निर्णयात नसते.

मग डाळिंबाला खोडातली कीड लागली. पिन होल बोरर. सांगोल्यापासून आटपाडीपर्यंत लोकांनी बागाच्या बागा उपटून बांधावर टाकल्या, काहींनी जाळल्या. डाळिंबच नाही तर खोकी कुणाला हवीत? रिळं तशीच पडून. यांचा फोन यायचा, ‘यंत्रं वीक आणि पोरांना घेऊन इकडं ये.’ मीही निघाले असते. इथं सगळे असेच निघतात, कुणी नावं ठेवत नाही. पण मुदतीआधी बंद केलं की ठेव सरकारला परत आणि सगळं कर्ज आपल्या डोक्यावर. एवढ्या एका गोष्टीसाठी थांबले. थांबावं लागलं म्हणून तासगावला बेदाण्याच्या अडत्यांकडं गेले. बेदाणा पंधरा किलोच्या पेटीतून विकला जातो. त्या पेटीचं माप घेऊन आले आणि शेड परत चालू झालं.

सरकारनं मदत करून कारखाना उभा करण्याची गोष्ट इथं नवी नाही. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. त्याच संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर जागा दिली, वर कर्जही दिलं, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. भाषणांत हा दाखला हमखास येतो. त्या माळाला लागून रेल्वे होती, हे कुणी बोलत नाही. महाराष्ट्र सरकार १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेतून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती देतं आणि तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी ठेवतं. आटपाडीत आजही रेल्वे नाही. माझं रीळ ट्रकनं येतं आणि भाडं ऐकून पोटात गोळा येतो. मला विचाराल तर आमच्या तालुक्याला मिळालेली सगळ्यात मोठी भांडवली मदत म्हणजे कृष्णेतून उचलून आणलेलं टेंभूचं पाणी. ते नसतं तर खोकी भरायची कशानं?

कामाला पाच बायका. पिनिंगला सगळ्यात हुशार होती ती दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी ऊसतोडीला गेली. मी आठवड्याला पगार देत होते, मुकादमानं एकरकमी उचल दिली. घरात आजारपण होतं, तिला पैसे त्या आठवड्यातच हवे होते. तिला कोणत्या तोंडानं थांब म्हणणार? उसाचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर परत आली आणि आल्या दिवशी नव्या पोरीच्या पिना वाकड्या काढून दाखवल्या.

तिसरं वर्ष सरल्यावर तपासणी झाली. यंत्रांवरचे नंबर बिलाशी ताडले, बायकांची नावं लिहून घेतली, शेडसमोर फोटो काढला. काही महिन्यांनी ठेव कर्जात वळती झाली. त्या रात्री यांचा फोन आला. ‘अट संपली नव्हं? आता काय?’

मी म्हटलं, बेदाण्याच्या पेट्यांची ऑर्डर उन्हाळ्यापर्यंत पुरेल, आणि पिनिंगचं दुसरं यंत्र घ्यायचंय, काही पाठवता का? थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, ‘व्याज किती देशील?’