विजेच्या गाडीतून येलदरी

डिसेंबरातला रविवार. परभणीची थंडी मराठवाड्यात नावाजलेली. भाच्याने कर्ज काढून टॅक्सीसाठी विजेची मोटार घेतली, तेव्हा आई म्हणाली, "मला येलदरी दाखव." तरुणपणी धरणाच्या कामावर तिने खडी वाहिली होती. नंतर तिकडे जाणे झालेच नाही.

जिंतूरमार्गे जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटर. वाटेत चार्जिंग मिळेलच असा भरवसा नको, म्हणून रात्री घरीच बॅटरी भरली. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शिवाय पेट्रोलच्या गाडीला इंजिनाची ऊब फुकट मिळते. इथे हीटरही बॅटरीवरच चालतो. म्हणून हीटर बंद आणि आईच्या अंगावर गोधडी! (लाखोंच्या गाडीत शेवटी गोधडीच कामी आली.)

पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ चे. पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजघर आहे. भाचा म्हणाला, "आजी, गाडीत तुझ्याच धरणाची वीज आहे." मी पडलो हिशेबी कारकून. म्हटले, तारेत सगळी वीज एकत्र होते, त्यात परळीच्या कोळशाचीही असते.

आईचे आमच्याकडे लक्षच नव्हते. भिंतीखालच्या माळाकडे बोट करून ती म्हणाली, "तिथं आमची पालं होती. रॉकेलची चिमणी, तीबी लवकर विझवायची."