काल कशाला हात लावला होता?

घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीनंतर मोटार अडखळत चालू लागली, की बहुतेक कुटुंबांत कारणांची यादी तयारच असते. कुणी पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाल्याचे सांगतो, कुणी पावसाच्या दमटपणाला जबाबदार धरतो, कुणी गाडीच्या वयाकडे बोट दाखवितो. ही कारणे कधीकधी खरीही ठरतात. परंतु कालपर्यंत सुरळीत चालणारे इंजिन आज बिघडले असेल आणि मधल्या वेळेत कुणी त्याला हात लावला असेल, तर शोधाचा आरंभ त्या कामापासूनच व्हावा. व्यापारी घरांना हा नियम नवा नाही. कालपर्यंत जुळत असलेली तेरीज आज जुळेना, तर जाणता मुनीम सबंध वर्षाची खतावणी उलगडीत बसत नाही. तो आधी कालच्या नोंदी पाहतो.

डोंबिवली पूर्वेतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी 1990 च्या दशकात या नियमाचा प्रत्यय आला. घरात प्रीमिअर पद्मिनी होती. मूळच्या सोलापूर जिल्ह्यातील आजोबांना त्या गाडीचे विशेष ममत्व, कारण ती बनविणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचेच. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. पुढे याच कंपनीने कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात प्यूजो 309 ही गाडीही बनविली. पद्मिनीचे 1089 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन इतके साधे, की रविवारी पान्हा घेऊन बॉनेट उघडणारे हौशी लोक प्रत्येक सोसायटीत सापडत.

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातवाने अशाच एका पावसाळी रविवारी चारही प्लग काढून त्यांवरील काजळी साफ केली, त्यांच्या टोकांमधील अंतर पट्टीने मोजून सारखे केले आणि गाडी पुन्हा बंद करून ठेवली. विचारल्यावर “फक्त प्लग पुसले” एवढेच त्याने सांगितले. सोमवारी सकाळी वडिलांनी किल्ली फिरविली, तेव्हा इंजिन कसेबसे सुरू झाले. पण सारी गाडी थरथरत होती. कल्याणच्या रस्त्याला लागेपर्यंत पिकअप उरला नाही, पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला आणि सायलेन्सरमधून फटाक्यासारखे आवाज निघाले. वडील अर्ध्या वाटेवरून परतले. गाडी ठाण्याच्या गॅरेजात ओढून न्यायची आणि मुलाने पुन्हा तिला हात लावायचा नाही, असा त्यांचा निर्णय झाला.

आजोबांना इंजिनातले काही कळत नव्हते. त्यांनी नातवापुढे एक कोरा कागद ठेवला.

“काल कशाकशाला हात लावलास, ते क्रमाने लिही. चूक लिहू नकोस, फक्त काम लिही.”

प्लग, काजळी, अंतर अशा तीन ओळी लिहून मुलगा थांबला. मग त्याने चौथी ओळ लिहिली आणि वडिलांकडे पाहिले.

“बाबा, चारही वायरी मी एकदम काढल्या होत्या.”

“मग काल का बोलला नाहीस?”

“तुम्ही पुन्हा बॉनेट उघडू देणार नाही, असे वाटले.”

वडील यावर काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी नेमके तेच फर्मान काढले होते.

मग रीतसर तपासणी झाली. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिचे टोक इंजिनच्या धातूला टेकवून ठेवायचे, इंजिन सुरू करून आवाज ऐकायचा. ती वायर जागेवर बसवून मगच पुढची काढायची. या वायरींतून हजारो व्होल्टचा दाब जातो, म्हणून इंजिन चालू असताना त्यांना हात लावणे धोक्याचे. पहिल्या व चौथ्या सिलिंडरची वायर काढताच इंजिन मान टाकी. दुसऱ्या व तिसऱ्याची काढली, तर काहीच फरक पडत नसे. याचा अर्थ, ते दोन सिलिंडर मुळात चालतच नव्हते. सोसायटीतल्या दुसऱ्या पद्मिनीचे बॉनेट उघडून वायरी ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. या इंजिनात ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा असतो. मुलाने दुसरी आणि तिसरी वायर आलटून-पालटून लावली होती. ठिणगी पडत होती, पण वेळ चुकत होती. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तेथे भडकत होते. दोन वायरींची अदलाबदल केली आणि इंजिन शांतपणे चालू लागले. नवा सुटा भाग एकही लागला नाही.

हिशेबात या चुकीचे सख्खे भावंड आहे. 4500 लिहिण्याऐवजी 5400 लिहिले गेले, तर फरक 900 येतो. शेजारचे दोन अंक उलटले, की फरकाला 9 ने निःशेष भाग जातो, ही खूण जुने मुनीम व बँकेतील कारकून चांगली ओळखत. अंक सारे हजर असतात, फक्त त्यांच्या जागा बदललेल्या असतात. अशी चूक सबंध वही तपासून उशिरा सापडते आणि नोंद करणाऱ्याने नीट सांगितले, तर पाच मिनिटांत सापडते.

पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या टॅक्सीही गेल्या. आजच्या गाडीत संगणक असतो. कोणता सिलिंडर चुकतो, हे यंत्र जोडून वाचता येते. पी 0303 हा संकेत तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवितो. परंतु एअर फिल्टर बदलताना एखादी जोडणी अर्धवट बसली किंवा हवेची नळी सैल राहिली, हे यंत्र सांगत नाही. ते काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. अशी गाडी तशीच दामटणेही महागात पडते, कारण न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील किमती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करू शकते.

म्हणून घरी दुरुस्ती करताना एका वेळी एकच वायर काढावी, खूण करावी, फोटो घ्यावा. तरीही गाडी बिघडली, तर गॅरेजवाल्याला घरच्या कामाची संपूर्ण यादी द्यावी. लाजेने झाकलेल्या एका ओळीपायी तो चांगले कार्बोरेटर उघडतो आणि त्याची मजुरी घराला भरावी लागते. ती ओळ घरच्या मुलाला, दुकानातल्या नोकराला त्याच संध्याकाळी न भिता सांगता यावी, एवढी सोय मात्र घरातील वडीलधाऱ्यांनीच करून ठेवायची असते.