बाग पाहण्यासाठी की करण्यासाठी?

आपल्या गृहसंकुलातील बाग नेमकी कोणासाठी असते, असा प्रश्न आपणांस कधी पडला आहे का? कातरलेली हिरवळ, कडेने एकसारखी झुडपे आणि समोर पाटी : ‘झाडांना हात लावू नये.’ अशी बाग डोळ्यांना सुखावते, हे खरे. परंतु ज्यांचा सारा दिवस चार भिंतींत जातो, त्या वृद्धांना पाहण्याइतकेच काही करण्यासारखेही हवे असते.

माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. पुण्यातील आमच्या इमारतीमागे त्यांनी जाई, तुळस आणि गवती चहा लावला होता. पूजेच्या फुलांसाठी त्या रोज सकाळी खाली उतरत. पुढे सोसायटीने बागेचे काम कंत्राटदाराकडे सोपवले. वाफा सपाट झाला आणि तेथे हिरवळ आली. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण सासूबाईंचे खाली जाणेच थांबले. फिरायला चला म्हटले की गुडघे दुखत. फुलांसाठी उतरताना मात्र त्यांनी गुडघ्यांचे नाव कधी काढले नव्हते.

तरीही समितीच्या नियमांना केवळ जाच समजू नये. जिन्यात किंवा मार्गिकेत ठेवलेल्या कुंड्या आगीच्या प्रसंगी वाट अडवतात. तेथे स्ट्रेचर वळत नाही, आणि त्याची गरज वृद्धांच्या घरांनाच अधिक भासते. कठड्यावरची कुंडी खाली कोसळली तर कोणाच्या तरी जिवावर बेतते. कुंडीखालच्या ताटलीतील साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. कण्हेर दिसायला देखणी, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. नातवंडे किंवा विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती वावरते तेथे ती नसलेलीच बरी. वृक्षतोडीचा निर्णय तर सोसायटीच्याही एकटीच्या हातात नसतो. १९७५ च्या महाराष्ट्रातील वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

म्हणूनच नियम असावेत; परंतु त्यांत वृद्धांच्या हातांसाठी जागाही राखलेली असावी. आम्ही चार कुटुंबांनी वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी समितीस लेखी अर्ज दिला. तक्रार न करता अटी स्वतःच मांडल्या : मागील भिंतीलगत विटांचा एकच वाफा, खुर्चीत बसून हात पोहोचावा म्हणून सुमारे दोन फूट उंच, येण्याजाण्याची वाट मोकळी, कुंड्यांच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासायच्या. शिवाय प्रत्येक ज्येष्ठासोबत एका तरुण रहिवाशाचे नाव. आजारपणात झाडे सुकली की ‘वृद्धांना हे जमत नाही’ असे म्हटले जाते. या एका अटीने तो आक्षेप मिटला. सभेत थोडी वादावादी झाली, मग ठराव संमत झाला. जाईला अद्याप फुले यायची आहेत. पण सासूबाई पुन्हा खाली उतरतात, शेजारणींशी बोलतात आणि दुपारी दोन घास अधिक जेवतात.

आपल्या घरी असे काही योजत असाल, तर काळजीच्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काम सकाळच्या कोवळ्या उन्हात करावे. उकिडवे बसून एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते; पाठीला आधार देणारी खुर्ची घ्यावी. मधुमेह असल्यास अनवाणी मातीत जाऊ नये, आणि रक्त पातळ होण्याची औषधे चालू असल्यास हातमोजे घालावेत. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. शेवटची लस घेऊन दहा वर्षे उलटली असल्यास डॉक्टरांना विचारावे. पाण्याची नळी वाटेत पसरलेली राहू देऊ नये, कारण तिच्यात पाय अडकून होणारे पडणे या वयात महागात पडते.

सहकार कायद्यानुसार ही सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावयाची असते. आपला अर्ज त्याआधीच समितीकडे पोहोचू द्या. वाफा मिळाला की आणखी एक पथ्य पाळा : झारी आपल्या ज्येष्ठांच्याच हाती द्या. पाणी थोडे सांडेल, रोपे वाकडी लागतील, वेळही लागेल. तो वेळ त्यांचा आहे. आपण केवळ जवळ उभे राहावे.