पडदा
टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा हल्ली मी वही-पेन घेऊन अभ्यासतो आहे. नायक कायदा शिकलेला, डोळा सदा बढतीवर. घर बड्या लोकांसारखं दिसावं म्हणून पडदा कसा हवा ते दाखवायला स्वारी शिडीवर चढली, घसरली, कुशीला मार बसला. दुखणं तिथूनच. तो गेल्याचं कळताच सहकाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न, त्याची जागा आता कुणाला? (आमच्या कचेरीत निदान चहा येईपर्यंत थांबत.) रात्र रात्र त्याचे पाय खांद्यावर घेऊन बसतो तो गेरासिम, खेडवळ नोकर. वाचता वाचता माझीही कूस दुखू लागली.

‘‘अहो, पडदे लावताय ना?’’ आतून हाक आली.

‘‘शिडी धरशील?’’

‘‘धरते की! आधी पाय धुऊन या.’’