नळीची वाट नंतर, आधी होट्टल!

ऑफिसातलं कुणीतरी कोकणकड्याचा फोटो ग्रुपवर टाकतं आणि त्याच शनिवारी अख्खी गँग नवी सॅक घ्यायला धावते. सॅक निवडायला दोन तास, वाट निवडायला दोन मिनिटं! खरं तर उलट हवं. ओझं पाठीवर घेऊन रानात मुक्काम करायचा, तर ती सॅक पुन्हा माळ्यावरून खाली येणार की नाही, हे पहिली वाटच ठरवते.

हरिश्चंद्रगडच घ्या. गड एक, वाटा अनेक. पाचनईहून दोन-तीन तासांत वर. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चार-पाच तास. आणि बेलपाड्याहून नळीची वाट म्हणजे दगडधोंड्यांची खडी घळ, तिथे जाणत्यांचाही घाम निघतो. म्हणून आधी वाट ठरवा, मग गड.

तुम्ही देगलूर-नांदेडकडचे आणि नोकरीला पुण्यात किंवा हैदराबादला? मग सह्याद्री लांब म्हणून हळहळू नका. दिवाळीला गावी जाताना सॅक सोबत न्या. देगलूरपासून आठ-दहा किलोमीटरवर होट्टल आहे. चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर, भिंतींवर सुरेख शिल्पं. एरवी आपण गाडीने जातो, या वेळी पहाटे चालत जा. पाठीवर पूर्ण भरलेली सॅक हवी! वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. म्हणजे साठ किलोच्या माणसाला बारा किलो, तेही पाण्यासकट. काळ्या रानातून चालताना तासाभरात सगळं कळतं. खांदे भरून आले? कंबरपट्टा सैल आहे. टाच चुरचुरतेय? बूट अजून नवे आहेत. आणि दमलात तर रिक्षाला हात दाखवता येतो. पहिल्या वाटेकडून आणखी काय हवं?

दुसरी पायरी माहूर. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया अशा तीन डोंगरांवरची तीन ठिकाणं. इथे चढ-उतार मिळतो, सागाचं जंगल मिळतं. शेजारी पैनगंगा अभयारण्य आहे, अस्वलाचा वावरही आहे. म्हणून फिरणं दिवसा, मुक्काम गावातच.

इथवर पाय आणि पाठ टिकली की मग पाचनई. हा गडही अभयारण्यात येतो, तेव्हा तंबूचे नियम वनखात्याकडे आधी विचारा.

वेळेचं गणित सोपं आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये ते मांडलं. दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आठ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ म्हणजे दोन तासांहून थोडं जास्त. सॅक आणि नवखी मंडळी असतील तर दीडपट धरा. उत्तर सूर्यास्तापलीकडे जात असेल, तर ती वाट तुमची नाही!

वाट पक्की करण्याआधी

- पाणी कुठे आहे आणि या महिन्यात आहे का? गावात विचारा. माणशी दिवसाला तीन-चार लिटर लागतं.
- अर्ध्यातून परतायला सोपी वाट आहे का?
- महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मराठवाड्यातला एप्रिल नवख्यांसाठी नाही.
- कुठून चढणार, कधी परतणार, हे घरी लिहून ठेवलंत?

चारही उत्तरं मिळाली, तर बॉसकडे सोमवारची सुट्टी मागायला हरकत नाही.